जांभ्याच्या जुन्या घराला ओल, कौलांतून गळती, खांबाचा बुडखा कुजलेला: दुरुस्ती कुठून सुरू करावी?

माजघर (प्रश्न)

राजापूर तालुक्यातलं साधारण ९० वर्षांचं घर आहे. भिंती जांभ्याच्या चिऱ्यांच्या, दीड फूट जाड, दरजा (चिऱ्यांमधले सांधे) मातीच्या. मूळचा गिलावा चुन्याचा. १५ वर्षांपूर्वी जमिनीपासून ४ फुटांपर्यंत आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा करून त्यावर ऑइलपेंट दिला. तेव्हा ओल २ फुटांपर्यंत होती, आता ५ फुटांवर गेली आहे. सिमेंटच्या वरच्या कडेला पोपडे सुटतात आणि लोणा, म्हणजे भिंतीतून फुटणाऱ्या क्षारांची पांढरी पूड, पडतो. त्याच सुमारास अंगणात काँक्रीटचा कोबा केला. त्यामुळे अंगण आणि आतली जमीन यांत आता जेमतेम ३ इंचांचा फरक राहिला आहे.

छप्पर मंगलोरी कौलांचं, सुमारे १००० चौरस फूट. तीन ठिकाणी गळतं, तिन्ही ठिकाणी मधल्या काळात घातलेली नवी कौलं आहेत. पडवीचा एक सागाचा ६ इंची खांब खालून ९ इंच कुजलाय, वाळवीही दिसते. पुढचा कोरीव दरवाजा ऑइलपेंटच्या पाच-सहा थरांखाली गाडला गेलाय. शिवाय ओटीवरचं आठ दिवसांच्या चावीचं लंबकाचं घड्याळ चावी दिल्यावर दहा मिनिटं चालतं आणि थांबतं.

ठेकेदाराचं म्हणणं: वॉटरप्रूफिंगचं केमिकल घालून सगळीकडे पुन्हा सिमेंट मारा, खांब काढून आरसीसीचा घाला आणि कौलं उतरवून पत्रा टाका. हे करायचं नाही. पाऊस संपलाय, मे अखेरपर्यंत वेळ आहे. कामाचा क्रम काय ठेवू? मापं, प्रमाणं नेमकी सांगितलीत तर बरं होईल.

---

चुनकळी

क्रम असा: आधी अंगण, मग छप्पर, मग लाकूड, शेवटी गिलावा. भिंत डोळ्यांसमोर असते म्हणून सगळे भिंतीपासून सुरुवात करतात, पण पाणी येतंय तिथे थांबवल्याशिवाय गिलाव्याला हात लावण्यात अर्थ नाही.

ओल २ फुटांवरून ५ फुटांवर का चढली ते आधी पाहू. जांभा सच्छिद्र दगड आहे. तो जमिनीतून पाणी ओढतो आणि भिंतीच्या पृष्ठभागातून ते उडून जातं. चुन्याच्या गिलाव्यातून ही वाफ बाहेर पडते. सिमेंट आणि ऑइलपेंटने ४ फुटांपर्यंत दोन्ही बाजू बंद केल्यावर पाण्याला वर चढण्याखेरीज वाट उरली नाही. जिथे सिमेंट संपतं तिथे ते बाहेर पडतं आणि सोबत आणलेले क्षार तिथेच सोडतं. क्षारांचे स्फटिक दगडाच्या छिद्रांत वाढतात आणि दगडाचा पृष्ठभाग आतून फोडतात. पडलेला एखादा पोपडा उलटून बघा. त्याच्या पाठीला जांभ्याचा लाल थर चिकटलेला असेल. म्हणजे सिमेंट सुटलेलं नाही, चिराच सोलून निघालाय. वॉटरप्रूफ सिमेंट मारलंत तर हीच रेषा ७-८ फुटांवर जाईल आणि तुळयांची भिंतीतली टोकं कुजायला लागतील.

अंगण: भिंतीलगतचा कोबा २ फूट रुंदीच्या पट्ट्यात कापून काढा. तिथली माती आतल्या जमिनीपेक्षा किमान ६ इंच खाली न्या, ९ इंच जमलं तर उत्तम. भिंतीपासून फूटभर सोडून १ फूट रुंद, दीड फूट खोल चर खणा. १०० फुटांना १ फूट उतार ठेवा, तळाशी भोकं पाडलेला ४ इंची पाइप टाका आणि ४० मिमी खडीने चर भरा. एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहा: चर पायाच्या तळापेक्षा खोल जाता कामा नये. आधी एका कोपऱ्यात खड्डा घेऊन पाया किती खोल आहे ते मोजा. जुन्या घरांचे पाये कधीकधी दोन फुटांवरच संपतात. सगळ्या बाजूंनी एकदम खणू नका, एका वेळी ८-१० फूट करा आणि भरून पुढे सरका.

सिमेंट काढताना हातोडा-छिन्नीच वापरा. ब्रेकर लावला तर मातीच्या दरजा हलतात. छिन्नी भिंतीवर आडवी, जवळपास समांतर धरून कडेकडून उचलत जा. उभी ठोकली तर चिऱ्याचा तुकडा घेऊनच येते. मग दरजा इंचभर खोल खरवडा. लोणा कोरड्या ब्रशने झाडा, पूड खाली पोत्यावर गोळा करून घराबाहेर टाका. भिंत धुवायची नाही, धुतली की क्षार विरघळून परत आत जातात.

भिंत सुकायला इंचाला एक महिना धरतात. तुमची १८ इंची भिंत दोन्ही बाजूंनी सुकली तरी ९ महिने झाले. एवढं थांबायची गरज नाही, कारण चुना थोड्या ओलीवरही चालतो. पण डिसेंबर-जानेवारीचे दोन महिने भिंत उघडी ठेवाच. या काळात बाहेर आलेला लोणा दर आठवड्याला झाडा. पहिले काही आठवडे तो आधीपेक्षा जास्त दिसेल, घाबरू नका, आत कोंडलेलंच बाहेर येतंय.

गिलाव्याचं प्रमाण: १ भाग मळीचा (पाण्यात विरवून मुरवलेला) चुना, १ भाग सुरखी (विटांची पूड), २ भाग वाळू, मापाने. १०० चौरस फुटांना एकूण २० मिमी जाडी धरली तर दरजा आणि नासधूस मिळून सुमारे ७५ लिटर चुना, ७५ लिटर सुरखी आणि १५० लिटर वाळू लागते. सुरखी कमी भाजलेल्या विटांची हवी. काळपट, काचेसारख्या खणखणीत विटांची पूड निव्वळ वाळूचं काम करते, चुन्याशी बांधत नाही. वाळू नदीची, कणीदार हवी. खाडीची वाळू नको, तिच्यातल्या मिठाने नवा लोणा तुम्हीच भिंतीत घालाल. वाळू तपासायला बाटलीत अर्ध्यापर्यंत वाळू, वर चमचाभर मीठ घातलेलं पाणी, हलवून तीन तास ठेवा. खाली १०० मिमी वाळू असेल तर वरचा गाळ ६ ते ८ मिमीपेक्षा जास्त नको.

२५ किलो चुन्याला अर्धा किलो गूळ पाण्यात विरघळवून घाला. त्याने मिश्रण लोण्यासारखं पसरतं आणि हळू सुकतं. गूळ वाढवला तर मुंग्या आणि बुरशी. पहिल्या थरात तागाचे इंचभर कापलेले धागे घाला, सुकताना भेगा कमी पडतात.

थर तीन. आधी दरजा भरून घ्या आणि चार-पाच दिवस जाऊ द्या. मग भिंतीवर पाणी मारा: ओली दिसावी, ओघळ नको. पहिला थर १० मिमी. थापीने दाबून भरा आणि ओला असतानाच तिरक्या रेषा ओढून खरबरीत करा. ८ ते १० दिवस ओली गोणपाटं समोर लावून ठेवा, भिंतीला चिकटवून नव्हे, चार बोटं सोडून. अंगठ्याच्या नखाने रेघ उठेल पण बोट रुतणार नाही इतका कडक झाला की दुसरा थर ७-८ मिमी. तिसरा २ मिमी, बारीक चाळलेल्या वाळूचा. प्रत्येक थर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा थापीने दाबायचा, केसासारख्या भेगा तिथेच मिटतात. जे घाई करून एका दमात पाऊण इंच भरतात त्यांचा गिलावा आठवड्याने ढोलकीसारखा वाजतो.

हे काम फेब्रुवारीत संपवा. एप्रिलच्या उन्हात चुना पकडायच्या आधी सुकतो आणि मग हात फिरवला की पीठ निघतं.

---

साइटवरून

सिमेंट नको हे पटलं. पण जमिनीलगत भोकं पाडून सिलिकॉनचं केमिकल भरण्याचा विचार करायला हरकत नाही. विटांच्या भिंतीत ते पाण्याची वाट तोडतं. ४-५ इंचांवर एक भोक, भिंतीच्या जाडीपेक्षा दोन इंच कमी खोल.

---

चुनकळी

विटांच्या, चुन्यात किंवा सिमेंटमध्ये नीट बांधलेल्या भिंतीत ते लागू पडतं, कारण केमिकल सलग आडव्या दरजेत पसरतं. इथे दरजा मातीच्या आहेत आणि दीड फुटाच्या भिंतीत दोन चिऱ्यांमधली भर सैल असते. केमिकल पोकळीतून खाली वाहून जातं, सलग पट्टा तयार होत नाही आणि मधल्या फटींतून पाणी चढत राहतं. वर मातीच्या दरजेत दर पाच इंचांवर भोक पाडल्याने भिंतीचा बुडखाच सैल होतो. अंगण खाली नेणं आणि चर हे उपाय स्वस्त आहेत आणि परत फिरवता येतात. आधी ते करून दोन पावसाळे बघा. ओल दीड-दोन फुटांवर येऊन स्थिरावली तर त्या घरासाठी ते ठीकच आहे, ते तसंच बांधलंय.

---

शाकारणी

छपराचं सांगतो. गळती नेमकी नव्या कौलांपाशीच आहे, यात उत्तर आलं. मंगलोरी कौलं १८६५ पासून मंगळूरला बासेल मिशनच्या कारखान्यात बनू लागली, पुढे अनेक कारखाने निघाले आणि प्रत्येकाच्या साच्यात खाचा-पट्ट्यांचा थोडा फरक राहिला. दोन कारखान्यांची कौलं शेजारी बसवली की खाचेत पट्टी पूर्ण उतरत नाही. वरून दिसत नाही, पण दोन-तीन मिलिमीटरची फट राहते आणि वाऱ्याचा पाऊस तिथून आत येतो. कौल उलटं करा, पाठीवर कारखान्याचं नाव किंवा शिक्का उठवलेला असतो. सगळी कौलं उतरवून शिक्क्याप्रमाणे वेगळी करा. एका पाख्यावर (छपराच्या एका उतारावर) एकाच शिक्क्याची लावा. जी कमी पडतील ती मोडलेल्या घरांची कौलं विकणाऱ्यांकडे शिक्का दाखवून शोधा. ते नाही जमलं तर वेगळ्या शिक्क्याची सगळी मिळून मागच्या पडवीवर एकत्र घाला, मधे मधे पेरू नका.

१००० चौरस फुटांना सुमारे १४०० कौलं लागतात, १५ टक्के फूट धरून १६००. एक कौल सरासरी अडीच किलो, म्हणजे छपरावर साडेतीन टन वजन आहे आणि पावसात भिजल्यावर त्याहून जास्त. म्हणून एक पाखं पूर्ण उघडं करून दुसरं तसंच ठेवू नका, वाशांवर एका बाजूने रेटा येतो आणि आढं (छपराच्या माथ्याची तुळई) सरकतं. दोन्ही पाख्यांवरून दोन-दोन ओळी उतरवत जा.

प्रत्येक कौल बोटाच्या पेराने वाजवा. खणखणीत आवाज आला तर ठेवा, बद्द आला तर तडा आहे. शंका असेल ते उलटं ठेवून त्याच्या पन्हळीत पाणी भरा आणि चार-पाच तासांनी खालून बघा: ओलसर डाग चालतो, थेंब लटकता कामा नये. शेवाळ तारेच्या ब्रशने काढू नका, वरची भाजलेली साय जाते आणि पुढच्या पावसाळ्यात दुप्पट शेवाळ धरतं. नारळाच्या काथ्याने घासा.

रिपांचं (कौलं ज्यांवर टेकतात त्या पट्ट्यांचं) अंतर पुस्तकातून घेऊ नका, तुमच्या कौलावरून काढा. दहा कौलं जमिनीवर एकात एक अडकवून ओळीने लावा. एकदा घट्ट ढकलून माप घ्या, एकदा ताणून घ्या, दोहोंची सरासरी काढा आणि त्यावरून एका कौलाचं अंतर ठरवा. बहुतेक वेळा साडेबारा इंचांच्या आसपास येतं. पाव इंच जरी चुकलं तरी दहाव्या ओळीला अडीच इंच चूक जमा होते आणि आढ्यापाशी अर्धं कौल कापावं लागतं. रिपा २ बाय १ इंचाच्या, उभ्या कडेवर ठोकायच्या. वाशांमधलं अंतर दोन फुटांपेक्षा जास्त असेल तर मधे बाक येतो आणि गळती तिथूनच सुरू होते.

कोने (आढ्यावरची कौलं) बसवताना सिमेंटचा लगदा भरू नका. ऊन-पावसाने लाकूड हलतं, सिमेंट हलत नाही, पहिल्याच उन्हाळ्यात चीर जाते आणि पाणी आढ्यावरच थेंबथेंब पडत राहतं. १ चुना, १ सुरखी, २ वाळू हेच मिश्रण कोन्याच्या फक्त दोन्ही कडांना, बोटभर रुंद. मधली पोकळी मोकळी ठेवा, तिथून गरम हवा बाहेर जाते.

कौलांखाली प्लास्टिकचा कागद घालायचा सल्ला तुम्हाला मिळेलच. घालू नका. रात्री कौलांच्या पोटाला दव धरतं, कागदावर साचतं आणि रिपा वरून कुजतात, खालून दिसतही नाहीत. वळचणीचा पुढावा मोजून घ्या. अडीच फुटांपेक्षा कमी असेल तर पागोळ्यांचं पाणी जोत्यावर उडतं आणि भिंतीचा खालचा फूटभर पट्टा रोज भिजतो. तिथे पत्र्याची पन्हळ लावून पाणी चरात सोडा. वर चुनकळींनी सांगितलेल्या चराला हे पाणीही झेपायला हवं. आपल्याकडे वर्षाला ३००० मिमीच्या वर पाऊस पडतो, म्हणजे या एवढ्या छपरावरून वर्षाकाठी पावणेतीन लाख लिटर पाणी खाली येतं. पाइप ४ ऐवजी ६ इंची घ्या.

---

पटाशी

खांब बदलायचा नाही, बुडखा जोडायचा. आरसीसीचा खांब घातला तर वरची लाकडी तुळई हलते आणि खांब हलत नाही, भार एका कडेवर येतो आणि तुळई तिथे चिरते.

आधी कूज कुठवर आहे ते टोच्याने शोधा. चारही बाजूंनी दर इंचावर टोचा. चांगल्या सागात टोक अडतं आणि लाकूड फास काढून उचकटतं, कुजक्यात ते बिस्किटात जावं तसं जातं. दिसते ९ इंच तर आत १२ इंच असू शकते. चांगल्या लाकडात अजून ३ इंच वर कापायचं.

खांबाच्या दोन्ही बाजूंना दीड फुटावर लोखंडी जॅक उभे करा. खाली २ इंच जाड, दीड फूट चौरस फळी, वर तुळईला लागून दुसरी फळी. तुळई फक्त २-३ मिमी उचला, खांब तळखड्यावर (खालच्या दगडावर) हलकासा मोकळा झाला की पुरे. जास्त उचललं तर वरची कौलं खाचेतून सुटतात. जॅक लावून रात्रभर थांबा, सकाळी पुन्हा माप घ्या, मग कापा.

जोड अर्ध्या-अर्ध्या जाडीचा उभा, एकमेकांवर १८ इंच येणारा, म्हणजे खांबाच्या रुंदीच्या तिप्पट. ३ इंच वरून, ३ इंच खालून. टोकं सरळ न कापता थोडी तिरकी, आत उतरती कापा, म्हणजे जोड बाहेर उघडत नाही. नवा तुकडा जुन्या सागाचाच घ्या, जुन्या लाकडाच्या वखारीत मिळतो. लोहचुंबक फिरवून आतले खिळे शोधा, नाहीतर करवतीचे दात जातात. लाकडाच्या रेषा खांबाच्या दिशेनेच उभ्या हव्यात. १२ मिमीचे स्टेनलेसचे ४ बोल्ट, एका रेषेत नाही तर आलटून पालटून, डोकी पाऊण इंच आत आणि वर सागाच्या खुंट्या. साधे लोखंडी बोल्ट वापरू नका, सागातल्या टॅनिनने ते गंजतात आणि भोवतीचं लाकूड काळं पडून भुसभुशीत होतं.

आता खांब कुजला का ते. तळखड्यात खांबाचं कुसू (तळाचं निमुळतं टोक) बसवण्यासाठी कोरलेलं साल (खाच) असतं. ओटी धुताना त्यात पाणी भरतं आणि खांबाचा तळ कायम भिजत राहतो. नव्या बुडख्याला लाकडी कुसू ठेवू नका. १६ मिमीची स्टेनलेसची सळई घ्या, ३ इंच दगडात आणि ३ इंच खांबात. साल चुना-सुरखीने भरा, मध्याला किंचित उंच ठेवा. दगड आणि लाकूड यांच्यामध्ये तांब्याचा किंवा शिशाचा पातळ पत्रा, खांबाच्या मापापेक्षा चारही बाजूंनी ३ मिमी लहान. मोठा ठेवला तर त्याच्याच कडेवर पाणी थांबतं.

वाळवीसाठी भिंत आणि जमीन यांच्या सांध्यात दर फुटावर १२ मिमीचं भोक, प्रत्येकी १ लिटर द्रावण. इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के असेल तर १ लिटर पाण्यात २.१ मिली. विहिरीजवळच्या बाजूला हे करू नका. आतल्या लाकडाला टाकणखार आणि बोरिक ॲसिड: १ लिटर गरम पाण्यात ३० ग्रॅम आणि २० ग्रॅम, कोरड्या लाकडावर तीन हात, मधे एक-एक दिवस. हे पावसाने धुऊन जातं म्हणून पडवीच्या बाहेरच्या लाकडाला उपयोग नाही. तिथे आणि रिपांना कोकणातला जुना उपाय चांगला: काजूच्या टरफलाचं तेल. हातमोजे घालूनच लावा, कातडीवर फोड येतात.

दरवाज्याचा रंग कोरडा घासू नका. भारतात घरगुती रंगातलं शिसं ९० पीपीएमवर आणणारा नियम २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या थरांत शिसं आहे असंच धरून चाला. घासलं की त्याची धूळ घरभर बसते, लहान मुलं असतील तर हे अजिबात नको. दार बिजागऱ्यांतून उतरवून अंगणात आडवं ठेवा, खाली प्लास्टिक. रंग काढायची पेस्ट २-३ मिमी जाड लावा, वरून प्लास्टिकचा कागद झाका आणि अर्ध्या तासाने उचला. सपाट भागावर लाकडी पट्टी, नक्षीत बांबूची टोकदार काडी आणि जुना टूथब्रश. लोखंडी काहीही नको. कमळाच्या पाकळ्यांची कड एकदा गेली की परत येत नाही. पाच थर एका वेळी निघणार नाहीत, तीन फेऱ्या धरा. खरवड गोळा करून बंद डब्यात टाका, शेणखताच्या खड्ड्यात नाही. कॉस्टिक सोड्याच्या हौदात दार बुडवून देणारे लोक आहेत. साग काळा पडतो, रेषा उघडतात आणि आत राहिलेला सोडा वर्षभर पांढरा फुटत राहतो. त्यांना देऊ नका.

मग उकळलेलं जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन सम प्रमाणात, पातळ हात, २० मिनिटांनी सुक्या कापडाने पुसून काढा. दोन दिवसांनी दुसरा हात. पुसलं नाही तर चिकट राहतं आणि पावसाळ्यात काळी बुरशी धरते. तेलाची कापडं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, ती स्वतःच तापून पेट घेतात. पाण्यात भिजवा किंवा उन्हात एकेक पसरून वाळवा.

---

लंबक

घड्याळ चालून थांबतं आहे, म्हणजे बहुतेक वेळा यंत्र बिघडलेलं नसतं, ताल बिघडलेला असतो. कान लावा. टक् आणि टक् यांमधलं अंतर सारखं यायला हवं. लंगडत येत असेल (टक्-टक्... टक्-टक्...) तर पेटीचा खालचा भाग डावीकडे-उजवीकडे केसभर सरकवून बघा, ताल जिथे सारखा होतो तिथे भिंतीवर पेन्सिलीची खूण करा. पेटी तिरकी दिसत असेल तर लंबकाला ढकलणारी तार जरा जरा वाकवून दुरुस्त करतात, पण आधी ही खूण हवी. लंबक ज्या पातळ पोलादी पट्टीवर लटकतो ती मुरगळली असेल तर लंबक झुलताना डुलतो, ती पट्टी बदलावीच लागते.

दुसरं: पेटी भिंतीवर घट्ट आहे का? लंबकाबरोबर पेटीही हलत असेल तर जोर भिंतीत जातो आणि घड्याळ थांबतं. आणि ओली भिंत तर नकोच, स्प्रिंगला गंज चढतो. माजघराच्या आतल्या भिंतीवर हलवा.

ताल ठीक असूनही थांबत असेल तर तेल सुकलंय. मागच्या पत्र्यातल्या भोकांभोवती हिरवट-काळी वर्तुळं दिसतील. गंज सोडवायचे फवारे मारू नका, दोन आठवडे पळतं आणि मग ते धूळ धरून चाकांच्या टोकांना सहाणेसारखं घासतात. पत्रे उघडण्याआधी दोन्ही स्प्रिंगा उतरवायच्या: चावी घट्ट धरा, खटका मागे ओढा, चावी हातातून हळू सरकू द्या. भरलेली स्प्रिंग उघडली तर बोट मोडतं आणि चाकांचे दातही. साफ केल्यावर प्रत्येक भोकाला टाचणीच्या डोक्याएवढा घड्याळाच्या तेलाचा थेंब, चाकांच्या दातांना मुळीच नाही. चाक बोटाने मागे-पुढे हलवल्यावर त्याचं टोक भोकात सरकताना दिसलं तर भोक लांबट झालंय, नवा बूश बसवावा लागेल. ते काम कारागिराकडेच द्या. पितळी काटे आणि तबकडी चकचकीत करायला चिंच-मीठ लावू नका, तबकडीवरचे आकडे पुसले जातात.

---

माजघर

पोपडा उलटून पाहिला, पाठीला लाल थर आहे. पाया एका कोपऱ्यात उघडला, अंगणापासून २ फूट २ इंच. दोन प्रश्न. दुकानात पोत्यातला पांढरा चुना मिळतो, तो चालेल का, की कळीचाच (भाजलेल्या, न विरवलेल्या खड्यांचा) आणायचा? आणि कळीचा आणला तर घरी विरवायचा कसा?

---

चुनकळी

पाया २ फूट २ इंच आहे, तेव्हा दीड फुटाचा चर तसाच धरून चालू नका. कोबा काढून माती खाली नेल्यावर जी पातळी येईल तिथून पायाची खोली पुन्हा मोजा आणि चर पायाच्या तळापासून किमान ६ इंच वर ठेवा. समजा माती ६ इंच खाली गेली, तर पाया २० इंच उरला आणि चर फक्त १४ इंच.

पोत्यातला चुना बहुधा हवेत राहून मेलेला असतो, म्हणजे त्याचा परत दगड झालेला. तपास घरातच होतो: वाटीत चिमूट हळद, थोडं पाणी, त्यात चिमूटभर चुना. लगेच लालभडक झाला तर जिवंत आहे. फिकट केशरी राहिला तर तो चुना बांधणार नाही. हळद-चुन्याचं कुंकू करतात ते याच गुणावर.

तुमच्या कामाला कळीचाच आणा. ७५ लिटर मळीला सुमारे ३७ किलो कळ्या लागतात. खडे हलके, पांढरे, आपटल्यावर मोकळे फुटणारे हवेत. जड आणि मधे करडा गाभा असलेले नीट भाजलेले नसतात. लोखंडी पिंप घ्या, प्लास्टिकचं वितळतं. आधी पाणी, मग खडे, उलटं कधीच नाही. किलोला ३ लिटर पाणी. मूठमूठ टाकत जा, पाणी उकळ्या मारायला लागतं, लांब दांड्याने ढवळत राहा. डोळ्यांवर चष्मा आणि हातात रबरी मोजे हवेतच. डोळ्यात उडालं तर पंधरा-वीस मिनिटं स्वच्छ पाण्याने धुवत राहा आणि तसेच डॉक्टरकडे जा. मुलं आणि गुरं त्या दिवशी अंगणात नकोत.

दुसऱ्या दिवशी बारीक जाळीतून गाळा. न विरलेले खडे राहिले तर ते भिंतीत गेल्यावर महिन्यांनी फुगतात आणि गिलाव्यावर नाण्याएवढे खड्डे उडतात. वर दोन इंच पाणी राहील असं झाकून ठेवा. एक महिना कमीत कमी, तीन महिने झाले तर थापीवरून लोण्यासारखा सुटतो. आज विरवलात तर भिंत सुकेपर्यंत तोही तयार होईल. म्हणून चर खणायच्या आधी हे काम उरका.

---

पटाशी

चुन्याचं पिंप त्या कुजक्या खांबापाशी ठेवू नका. चुन्याचे शिंतोडे सागावर पडले की काळपट डाग पडतात आणि ते रंध्याशिवाय निघत नाहीत. गिलाव्याच्या वेळीही चौकटी आणि खांब गिलाव्याच्या कडेपासून हातभर कागदाने झाकून घ्या.